मोटरहोममधला जुना फ्रिज काढताना गॅसची नळी बंद झाली का, हे कोण पाहणार?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मोटरहोममधून, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, सहकुटुंब प्रवास करण्याविषयीचे लेख हल्ली वरचेवर येत असतात आणि आम्हा इंदूरच्या मराठी घरांतही ते आवडीने वाचले जातात. ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू येथून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत, पीथमपूरला गाड्यांचे कारखाने आहेत, गाड्यांची बॉडी बांधणारे कारागीरही शहरात आहेत. त्यामुळे नवी बांधून घेतलेली किंवा दुसऱ्याकडून विकत घेतलेली मोटरहोम बाळगणारी कुटुंबे आता आमच्या ओळखीपाळखीत दिसू लागली आहेत. या गाड्यांतल्या पलंगांवर, सजावटीवर आणि सोलर पॅनेलवर पुष्कळ लिहिले जाते. कपाटात पक्का बसवलेला फ्रिज काढून त्या जागी दुसरा बसवण्याच्या कामाविषयी मात्र माझ्या वाचनात काही आलेले नाही, आणि माझे नोकरीचे सारे आयुष्य रेफ्रिजरेशनच्या कामात गेलेले असल्याने त्याविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते. हे काम नवा फ्रिज बसवण्याचे काम समजले जाते. वास्तविक त्यातला जोखमीचा भाग जुना फ्रिज काढण्याचा आहे, आणि तोच सर्वांत घाईने उरकला जातो.

जुन्या किंवा परदेशी बनावटीच्या मोटरहोममध्ये बहुधा कारागीर ज्याला थ्री-वे फ्रिज म्हणतात तो असतो. एलपीजी, घरगुती 230 व्होल्टची वीज आणि गाडीची 12 व्होल्टची बॅटरी, या तिन्हींवर तो चालतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. त्याच्या पाठीमागच्या पोलादी नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंदिस्त असतात. बर्नरच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून वेगळा होतो, वर जाऊन निवतो आणि द्रवरूप होतो, आणि पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता शोषली जाते. ही रचना 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधून काढली. हलणारा एकही भाग नसल्याने ती आवाज न करता वर्षानुवर्षे चालते आणि थंड देशांत तिच्याविषयी तक्रार करण्यासारखे फार काही नाही. परंतु माळव्याच्या मे महिन्यात पारा 40 च्या पुढे गेलेला असताना आणि गाडीचा पत्रा उन्हाने तापलेला असताना मागची उष्णता बाहेर टाकायला तिला वावच उरत नाही, आणि सकाळी भरलेले दूध दुपारपर्यंत नासते. शिवाय गाडी उभी करायला सपाट जागा लागते. उतारावर ती फार वेळ उभी राहून फ्रिज चालूच राहिला, तर द्रवाचा प्रवाह अडतो, खालचा भाग अति तापतो आणि गंज रोखण्यासाठी आत घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन नळी कायमची तुंबते. तेव्हा आपल्या हवेत हा फ्रिज काढून 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवण्याचा निर्णय योग्यच आहे, याविषयी माझे दुमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका परिचित कुटुंबाची गाडी मी पाहिली. एका वर्कशॉपने बसवून दिलेला नवा फ्रिज चांगला होता आणि उत्तम थंडही होत होता. त्याच्या खालची फळी काढल्यावर मात्र जुन्या फ्रिजकडे जाणारी तांब्याची नळी दिसली. ती पकडीने चेपून दुमडलेली होती आणि तिच्या तोंडावर एम-सील थापलेले होते. गाडीच्या हादऱ्यांनी त्या एम-सीलला केसाएवढी भेग गेलेली होती. शेगडी त्याच सिलिंडरवर चालत असल्याने नळीचे दुसरे टोक सिलिंडरला जोडलेलेच होते. दोहोंच्या मध्ये फक्त फ्रिजच्या फाट्याचा छोटा व्हॉल्व्ह होता आणि त्याची मूठ कोणाचाही हात सहज लागेल अशा ठिकाणी होती. साबणाचे पाणी लावून तो व्हॉल्व्ह जरासा उघडताच भेगेवर बुडबुडे धरू लागले. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, आणि म्हणूनच अशा कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे एक भोक ठेवलेले असते. येथे त्यातून धूळ येते म्हणून ते सिलिकॉन भरून बुजवून टाकले होते. त्या कप्प्याला लागूनच मुलांची झोपायची जागा होती. मला त्या क्षणी जो संताप आला तो अजून शमलेला नाही, कारण हे काम नीट करायला पितळेचा एक प्लग, नट फिरवायचे दोन पाने आणि थोडा धीर एवढेच पुरेसे होते.

म्हणून हे काम कोणत्या क्रमाने व्हावे ते सविस्तर सांगतो. प्रथम बाहेरून घेतलेली वीज तोडावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. त्यानंतर दारे-खिडक्या उघड्या ठेवून शेगडी पेटवावी आणि नळीत उरलेला गॅस जळून ती आपोआप विझू द्यावी. नळीचा फ्लेअर नट (नळीचे पसरट केलेले तोंड जोडावर आवळून धरणारा नट) सोडवताना एका पान्याने जोड घट्ट धरून दुसऱ्याने नट फिरवावा, कारण एकाच पान्याने जोर लावला की मऊ तांब्याला पीळ बसतो आणि मग गळती भलत्याच जागी, कपाटाच्या आड, सुरू होते. वायरी कापण्यापूर्वी प्रत्येकीवर चिठ्ठी लावावी. फ्रिज ज्या स्क्रूंनी कपाटाला आवळलेला असतो ते बहुधा फ्रिजच्या आतल्या भिंतींत प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्यांखाली दडलेले असतात; ते न शोधता बाहेरून पहार घालणाऱ्यांनी मोडलेली कपाटे मी पाहिली आहेत. स्क्रू निघाल्यावर कडेचे सिलिकॉन पात्याने कापून दोघांनी मिळून फ्रिज सावकाश पुढे ओढावा. मात्र त्याआधी गाडीच्या दाराचे माप घ्यावे. पुष्कळ गाड्यांत आतले फर्निचर पुरे होण्यापूर्वीच फ्रिज आत गेलेला असतो आणि तो दारातून बाहेर निघतच नाही. अशा वेळी खिडकीची चौकट काढावी लागते, आणि ही गोष्ट काम सुरू झाल्यावर कळणे हे घाईचे एक मोठे कारण असते.

फ्रिज बाहेर आल्यावर त्याच्याकडे जाणारा नळीचा फाटा मूळ टी-जोडापर्यंत (जेथून तो मुख्य नळीतून फुटतो तेथपर्यंत) काढून टाकावा आणि तेथे पितळी प्लग आवळावा. पुढे कधी गॅसचा फ्रिज बसवायचा विचार असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडावर फ्लेअरची पितळी टोपी बसवावी. याखेरीज दुसरा कोणताही उपाय मान्य करू नये. मग शेगडीसकट सर्व जोडांना साबणाचा फेस लावून पाहावे, आणि प्रेशर गेज लावून सिलिंडर बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही याची खात्री करून घ्यावी. काडी पेटवून गळती शोधण्याची रीत काही जुन्या मिस्त्रींकडे अजून आहे. ती मोटरहोमच्या आत तर निव्वळ आत्मघात आहे.

बर्नरच्या आसपास पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर मागची नळी फुटलेली आहे असे समजावे. ती पूड सोडियम क्रोमेटची असते, त्यातले क्रोमियम कर्करोगाला कारण होणाऱ्या प्रकारातले आहे, आणि आमची पोरे ती उघड्या हाताने झटकतात. हातमोजे आणि ओले फडके वापरावे, पूड फुंकून उडवू नये. नळी फुटली की अमोनियाबरोबर हायड्रोजनही बाहेर पडतो, जो पेट घेतो. 2006 साली अमेरिकेत अशा नळ्यांना तडे जाऊन आग लागण्याच्या शक्यतेमुळे लाखो फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले होते, तेव्हा ही भीती कल्पनेतली नाही.

नवा फ्रिज बसवण्याविषयी थोडेच लिहितो. जुन्या फ्रिजसाठी गाडीच्या बाजूला खाली-वर दोन जाळ्या असतात. त्या दोन्ही पक्क्या बंद केल्या तर कॉम्प्रेसरची उष्णता आत कोंडते, आणि जशाच्या तशा ठेवल्या तर धूळ व पावसाचे पाणी आत येते. त्यांना बारीक जाळी आणि पावसाचे झाकण लावून वारा खेळता ठेवणे हाच मार्ग आहे. वायरीच्या बाबतीत काटकसर अजिबात करू नये. बॅटरीपासून फ्रिज 6 मीटरवर असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन 12 मीटर वायर पार करावी लागते, 1.5 स्क्वेअर एमएमच्या वायरीत 5 अँपिअरला सुमारे 0.7 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, बॅटरी अर्धीअधिक भरलेली असूनही फ्रिजला ती उतरल्यासारखी वाटते आणि तो बंद पडतो. 6 स्क्वेअर एमएमच्या वायरीत हीच घट 0.2 व्होल्टच्या आत राहते. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा, फ्रिजच्या जवळ नव्हे, कारण संरक्षण मधल्या वायरीला हवे असते. चालू असताना असा फ्रिज 4 ते 5 अँपिअर घेतो आणि आमच्या उन्हाळ्यात दिवसातले निम्म्याहून अधिक तास चालतो. म्हणजे दिवसाला 50 ते 60 अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, हे बॅटरीतल्या विजेचे माप) धरावे लागतात, आणि 100 अँपिअर-अवरच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून तिचे नुकसान न करता निम्मेच वापरता येतात. सोलर पॅनेलचा किंवा मोठ्या बॅटरीचा हिशेब आधी करावा.

स्वस्त पडतो म्हणून घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. त्याच्या दाराला केवळ चुंबकाची पट्टी असते, मानपूरच्या किंवा भेरूच्या घाटातल्या वळणावर ते उघडते. त्याच्या नळ्या आणि पाये सततच्या हादऱ्यांसाठी बनवलेले नसतात. आणि नुसता ठेवलेला फ्रिज करकचून ब्रेक लागताच चालकाच्या पाठीवर येतो. फ्रिज कोणताही असो, तो कपाटाला नव्हे तर गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेला असावा.

जुना फ्रिज भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवून देणे ही या कामातली शेवटची चूक. तो तांब्या-लोखंडाच्या आशेने दाबाखालच्या नळीवर छिन्नी चालवतो आणि अमोनियाचा झोत थेट त्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत फ्रिजचा समावेश आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. घरातला कचरा सहा प्रकारांत वेगळा करण्याची सवय लावून घेतलेल्या इंदूरकरांना हे जड जाऊ नये.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मोटर कॅराव्हॅन (मोटरहोमचे नियमांतले नाव) कशाला म्हणावे हे नियमांत सांगितलेले आहे: आसने आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा. फ्रिज त्या यादीत नाही, आणि तो बदलला म्हणून गाडी दाखवायला कोणी सांगत नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन, म्हणजे अशीच गाडी, ही परिवहन वाहनांत मोडत नसल्याने तिला व्यावसायिक गाड्यांप्रमाणे ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही; तिची नोंदणी 15 वर्षे चालते. म्हणजे वर वर्णन केलेली दुमडलेली नळी एवढ्या काळात एकाही अधिकाऱ्याच्या नजरेस पडण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरात गॅस जोडताना तपासणी आपल्याला रास्त वाटते, आणि तोच गॅस चालत्या गाडीत चहूबाजूंनी बंद खोलीत ठेवताना मात्र कोणालाच जबाबदार धरले जात नाही.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की गॅसची जोडणी असलेल्या मोटरहोममध्ये फ्रिज, शेगडी किंवा गीझर बदलल्यास गळतीच्या चाचणीचा सही-शिक्क्याचा एक कागद गाडीत ठेवणे बंधनकारक करावे, आणि गाडीची मालकी बदलताना तो मागावा. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले आहे. मध्य प्रदेशातही अशा गाड्या वाढणारच आहेत, आणि 2028 च्या सिंहस्थाला त्यातल्या कितीतरी उज्जैनच्या मैदानांत एकमेकींना खेटून उभ्या राहतील. ती वेळ येण्यापूर्वी हा नियम व्हावा. वर्कशॉपवाल्यांनी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काम संपल्यावर गेजचा काटा मालकाला समोर उभे करून दाखवणे त्यांना आजही शक्य आहे, आणि तो पाहिल्याशिवाय मालकांनी पैसे देऊ नयेत.

आपणांसही एक विनंती. पुरवणीत मोटरहोमवरचा पुढील लेख छापाल तेव्हा टी-जोडावरचा पितळी प्लग कसा दिसतो याचे एक छायाचित्र आणि साबणाच्या फेसाने जोड तपासण्याची रीत त्याच पानावर द्यावी. छायाचित्रासाठी लागणारे सामान आणि माझा वेळ मी आनंदाने देईन.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर