आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : कायद्यानं माझी सही पुरते, मग तुमच्या दवाखान्यात का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मला तिसऱ्यांदा दिवस गेले. धाकटी अजून अंगावर पिते, म्हणून यंदा मी घरी राहिले. मालक ऊसतोडीला कर्नाटकात. गर्भपातासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढला, तर सिस्टरनं सगळ्या बायांसमोर विचारलं, "नवऱ्याची सही कुठंय?" फोन लावून देते म्हटलं, तर म्हणे माणूस आणा. वर अट, नसबंदी करून घेणार असशील तरच मोकळी करू.

साहेब, १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानंही बजावलं, की घरच्यांच्या संमतीसारख्या जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत. मतदानाला माझं बोट चालतं, बचत गटाच्या कर्जाला माझी सही चालते. माझ्याच पोटासाठी ती का चालत नाही?

दिवस वर जात होते. शेवटी ओळखीतून गोळ्या आणल्या. पेपरच्या तुकड्यात गुंडाळलेल्या, पाकीट नाही, कधी किती घ्यायच्या ते सांगणारं कुणी नाही. रात्रभर रक्त गेलं. लुगड्याच्या घड्या ठेवाव्यात आणि त्या भिजाव्यात. पहाटे सासऱ्यांनी जीप केली. खासगी दवाखान्यात पिशवी साफ करायचे नऊ हजार झाले, ते मुकादमाकडून उचल घेऊन भरले. ती उचल पुढच्या हंगामात आम्ही दोघं कोयत्यावर फेडणार.

मी एकटी नाही. २०१५ साली देशात दीड कोटीवर गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास पाऊण दवाखान्याबाहेर, गोळ्यांवर, असा अंदाज लॅन्सेट या डॉक्टरी मासिकानं छापला होता. मेडिकलवाले मात्र गोळ्या ठेवायला घाबरतात. गर्भलिंग निदानाच्या धाडी यांच्यावरही पडतात. अहो, गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतच नाही! मुली मारणारे डॉक्टर पकडा, जरूर पकडा. त्यांच्या पापापायी आम्ही का मरायचं? या राज्यात बाईचं पोट नवऱ्याचं, सासूचं, नसबंदीच्या सरकारी टार्गेटचं. तिचं तेवढं नाही.

केसपेपरच्या खिडकीवर पाटी लावा : गर्भपाताला फक्त बाईची सही लागते. आरोग्य केंद्रात गोळ्या आणि त्या देणारा डॉक्टर ठेवा. आणि मला परत पाठवणाऱ्यांकडून लेखी कारण मागवा. ते मला वाचायचं आहे.

आपली,
एक ऊसतोड कामगार, जि. बीड