सूचना : मायक्रोस्कोपी प्रशिक्षणात नवोदितांना प्राधान्य

सर्व सदस्यांनी कृपया नोंद घ्यावी. कॉन्फोकलच्या (लेझरने नमुन्याचा एकेक पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) पुढील सत्रांत निम्म्या जागा पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या आणि नुकत्याच रुजू झालेल्या संशोधकांसाठी राखीव आहेत. शुल्क नाही. मार्गदर्शकांचं शिफारसपत्रही नको. प्रत्यक्ष येणं जमणार नसेल त्यांना सबटायटलसह रेकॉर्डिंग मिळेल.

येताना लॅपटॉपवर 'फिजी' हे प्रतिमा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर टाकून आणा. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पहिला सराव डिटेक्टरच्या गेनचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाचा संकेत किती वाढवायचा याचा. ८-बिट प्रतिमेत प्रत्येक बिंदूची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात, २५५ च्या वर आकडाच नसतो, त्यामुळे गेन जास्त झाला की सगळ्यात उजळ भागातला फरक पुसला जातो आणि नंतर ब्राइटनेस कितीही कमी केला तरी परत येत नाही. मूळ प्रतिमा जेपेगमध्ये का साठवू नये, हेही तेव्हाच दाखवू. (अनुभवी मंडळींनीही हा भाग चुकवू नये, असं माझं स्पष्ट मत.)

एका यंत्रावर तिघांहून जास्त जण बसवणार नाही. मागून डोकावून फोकस करणं शिकता येत नाही. स्वतःचा नमुना नसेल तर तयार स्लाइड देऊ.

नवोदितांच्या शेजारी बसून शिकवायची तयारी असलेल्या जुन्या सदस्यांनी शुक्रवारपर्यंत नावं कळवावीत.

– समन्वयक