रोपे मोजता, तसे मातृवृक्षही मोजा

संपादक महोदय,

वृक्षलागवडीच्या बातमीत किती लाख रोपे लावली ते ठळक छापून येते. त्यांचे बी किती झाडांवरून आणले, हे मात्र मी आजवर कुठे वाचलेले नाही. जंगली झाडांची रोपवाटिका चालवत मला 22 वर्षे झाली, म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीला मीही जवळच्या एकाच डेरेदार झाडाखालचे बी वेचत असे. एका सकाळीत पोते भरायचे. त्या जातीची बाकीची झाडे लांब, शेतांपलीकडे एकेकटी उभी. एका वर्षी गादीवाफ्यावर त्या बियांतून काही रोपे पांढरीफटक उगवली, हिरवेपणाचा लवलेशही नाही. बियांमधले अन्न संपताच त्यांनी माना टाकल्या. मला वाटले, बुरशी. खरे कारण वेगळे होते. एकटे पडलेले झाड स्वतःच्याच परागकणांवर फळते, तेव्हा एरवी झाकलेले दोष बियांमध्ये उघडे पडतात. पांढरी रोपे निदान डोळ्यांना दिसतात. वाढ खुरटणे, बी कमी धरणे हे कळायला कित्येक वर्षे जातात, आणि तोवर हजारो रोपे लावून झालेली असतात!

इंग्लिश एल्म हा वृक्ष म्हणजे रोमनांनी ब्रिटनमध्ये नेलेल्या एकाच झाडाची, मुळांच्या फुटव्यांवर वाढलेली संतती, असे 2004 साली जनुकीय तपासणीत दिसले. 1970 च्या दशकात बुरशीची साथ पसरली. एकाला जी सोसवेना, ती त्याच्या कुठल्याच भावंडाला सोसवेना.

विखुरलेले प्रत्येक झाड एकाकीच असते, असेही नाही. नामिब वाळवंटात उंबराच्या कुळातल्या झाडांचे परागकण इवल्याशा गांधीलमाश्या वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत नेतात. म्हणून बांधावरचे म्हातारे झाड कोणी तोडू लागले की माझा जीव तुटतो. जंगल सलग होते तेव्हाचा वारसा त्याच्यात आहे आणि आजही ते दोन तुकड्यांमधला दुवा असू शकते.

आता मी एका जातीचे बी किमान 25-30 झाडांवरून, शक्यतो एकमेकांपासून 100 मीटर दूर असलेल्या झाडांवरून घेते, सारख्या मापाने मिसळते आणि वहीत नोंदवते. पायपीट खूप होते. तरी प्रत्येक रोपवाटिकेला अशी वही सक्तीची करावी, आणि आपल्या वार्ताहरांनी रोपांचा आकडा विचारताना ती वहीही पाहायला मागावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक रोपवाटिकाचालक