आमच्या हिस्टॉलॉजीच्या (मेंदूचे काप करून तपासणाऱ्या) काकांना

काका, नमस्कार.

प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली, तीही गाईड आणि फेलोशिपच्या खाली. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

आम्ही उंदरांचं वागणं मोजायचो. आवाज ऐकून उंदीर किती वेळ गोठून राहतो, शॉक बसलेल्या जागी परत जातो का. आलेख छान यायचे. पण त्याआधी आम्ही मुद्दाम केलेली मेंदूतली इजा ठरवलेल्या जागीच झाली की शेजारी पसरली, हे आलेखाला कुठून कळणार? ते तुमच्या क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या मेंदूचे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर, आणि पेशी रंगवणाऱ्या क्रेसिल व्हायोलेटच्या जांभळ्या स्लाइडवर ठरायचं.

यावर किती अवलंबून असतं, ते मॅकक्लिअरी यांनी 1961 मध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगातून दिसतं. कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा) याच्या पुढच्या टोकाखालच्या भागाला इजा झालेली मांजरं शॉक बसूनही पुन्हा खाण्याकडे जायची, पण इशारा मिळताच दुसऱ्या कप्प्यात पळायला मात्र व्यवस्थित शिकायची. त्याच पट्ट्याच्या वरच्या सिंग्युलेट भागाला इजा झाली की नेमकं उलट! खाण्यापासून लांब राहणं जमायचं, पळणं जमायचं नाही. आता यातल्या कुठल्या मांजराची 'भीती गेली' म्हणायचं? मला विचाराल तर हा शब्द आम्ही फार सैल वापरतो. दोन्ही जागा मेंदूच्या मध्यरेषेवरच्या, एकमेकींच्या जवळच्या. स्लाइड न तपासता दोन्ही गट एकत्र केले असते, तर सरासरीत काहीच उरलं नसतं.

तुमची शिस्त मला सुरुवातीला जाचायची. "नंबर सांग, गट सांगू नकोस." शॅमचा, म्हणजे शस्त्रक्रिया करूनही इजा न केलेला उंदीर कुठला, हे इजेची हद्द कागदावर आखून होईपर्यंत तुम्ही कानावर येऊ दिलं नाहीत. माझ्या सर्वांत देखण्या आकड्यांचा उंदीर तुम्ही असाच बाद केलात: अमिग्डला या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची एकच बाजू गेली होती, दुसरी शाबूत. मी दोन दिवस फुरंगटून होते, तुम्ही चहा पाजलात, पण उंदीर काही परत घेतला नाहीत.

इलेक्ट्रोडने जाळलं की तिथून नुसते जाणारे तंतूही जळतात, चेतापेशी मारणाऱ्या आयबोटेनिक आम्लाने ते बरेचसे वाचतात, हे मी वाचलं होतं. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून फरक दाखवलात तुम्ही.

व्हायव्हा सगळ्यांसाठी खुली आहे. या नक्की, आणि पुढच्या रांगेत बसा. इजा कशी तपासली असं परीक्षकांनी विचारलं, तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार आहे.

तुमची,
तिसऱ्या टेबलावरची