बागेतील छोटी बांधकामे पावसाळ्यापूर्वीच द्यावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील उखडलेले पेव्हर ब्लॉक, खचलेल्या पायवाटा आणि पार्किंगमध्ये साचणारे पाणी यांविषयीच्या तक्रारी दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात. पुणे व परिसरात बागेची उभारणी आणि देखभाल यांची ठेकेदारी करीत असल्याने या तक्रारींच्या एका कारणाकडे मला लक्ष वेधावयाचे आहे. त्याचा संबंध मालाच्या दर्जापेक्षा काम कोणत्या महिन्यात केले याच्याशी अधिक आहे. पायवाटेची दुरुस्ती, झाडांभोवतालची आळी, वाफ्यांची कड, दोन-चार पायऱ्या, बसण्याचा एखादा ओटा, शोषखड्डा ही फुटकळ कामे मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत व्हावयास हवीत. प्रत्यक्षात बहुतेक संस्था ती जून उजाडल्यावर आठवतात आणि लागवडीच्याच कोटेशनात घालून एकदम मागतात.

आमच्या धंद्याचे चक्र वाचकांना सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. लॉन टाकणे, झाडे लावणे, माती भरणे यांचा हंगाम पहिल्या चांगल्या पावसापासून सुरू होतो आणि दसरा-दिवाळीपर्यंत चालतो. थंडीत हंगामी फुलांची कामे असतात. मार्चपासून मात्र पाण्याची ओढाताण सुरू होते, नवे लॉन कोणी टाकत नाही आणि टाकले तरी ते तग धरत नाही. देखभालीचे मासिक करार चालू राहतात. परंतु त्यांवर सगळी माणसे पोसली जात नाहीत. साहजिकच एप्रिलमध्ये माळी आणि बिगारी गावाकडे जातात. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला माणूस एकदा गावी गेला की लग्नसराई आणि मागोमाग पेरणी उरकूनच परततो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत इकडे लागवडीसाठी माणूस मिळत नाही. मग जो ठेकेदार हाताशी लागेल आणि जी टोळी मजूर अड्ड्यावर उभी असेल तिच्याकडून पायवाट आणि लागवड दोन्ही उरकली जाते. त्याचा दर्जा काय असावा हे वेगळे सांगावयास नको.

पेव्हर ब्लॉकचेच उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. ब्लॉक खचला की दोष ब्लॉकला दिला जातो, पण उचलून पाहिले तर तो बहुधा धडधाकट असतो आणि गफलत त्याच्या खाली सापडते. कुठे नळाच्या गळतीने मुरूम वाहून गेलेला असतो, कुठे काळी माती न काढताच तिच्यावर भराव केलेला असतो (ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे सगळे हलवते), तर कुठे कडेला ब्लॉक अडवून धरणारी पक्की पट्टी म्हणजे कर्बच नसल्याने ओळी बाहेर सरकलेल्या असतात. दुरुस्ती करावयाची तर खचलेल्या भागापेक्षा हात-दोन हात जास्त ब्लॉक काढावे लागतात. काळी माती असेल तर ती खोदून तिथे मुरूम भरावा लागतो, थराथराने किंचित ओला करून धुम्मस किंवा यंत्राने ठोकावा लागतो, त्यावर खडीचा थर, मग तीन-चार सेंटिमीटर क्रशसँड पट्टीने एकसारखी करून ढाळ धरून ब्लॉक बसवावे लागतात. शेवटी सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडूने भरून पुन्हा ठोकावी लागते. वाळूचे दाणे सांध्यांत गच्च बसले की शेजारचे ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात आणि भार वाटून घेतात. आता हेच काम जुलैत करून पाहावे. मुरमाचा चिखल होतो आणि तो कितीही ठोकला तरी दबत नाही, आणि ओली वाळू सांध्यांच्या तोंडाशीच गोळा होते. गवंडी कितीही हुशार असला तरी ओल्या वाळूपुढे त्याचे काही चालत नाही. अशी पायवाट पुढच्या मेपर्यंत टिकली तर नशीब म्हणावयाचे.

जाता जाता जाडीविषयीही लिहितो. पायी चालण्यासाठी आणि मोटारींसाठी ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आवारात येतो आणि दहा हजार लिटरच्या टँकरमधील पाण्याचेच वजन १० टन भरते. टँकर जिथून वळतो तेवढ्या पट्ट्यात तरी ८० मिलिमीटरचे ब्लॉक आणि खाली तसाच भक्कम थर असावयास हवा. टँकरचा मार्ग ठरलेला असतो, ब्लॉक ठरावीक जागीच खचतात, आणि तरीही दरवर्षी तीच जागा त्याच पातळ ब्लॉकने दुरुस्त केली जाते.

उन्हाळ्यात पाणी नसताना बांधकाम कसे करावयाचे, असा आक्षेप यावर घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सिमेंटचे काम पाण्यावर जगते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (राखमिश्रित पोर्टलंड पोझोलाना) सिमेंटच्या काँक्रीटला उष्ण, कोरड्या हवेत जवळजवळ दोन आठवडे ओल टिकवावी लागते, अन्यथा वरचा थर भुसभुशीत होऊन भुकटी सुटते. म्हणूनच या महिन्यांत शक्यतो सिमेंटविना होणारी कामे निवडावीत असे मी सुचवीन. वाळूवर बसवलेले ब्लॉक, सुटी शहाबादी फरशी घालून मध्ये गवतासाठी फट ठेवलेली पायवाट, काळ्या दगडाची कोरडी रचलेली बुटकी कड, खडी पसरलेला चौक यांना पाणी जवळपास लागत नाही. जिथे सिमेंट टाळता येत नाही तिथे गोणपाट अंथरून ते दिवसातून काही वेळा भिजवावे. पाइप सोडून देण्याच्या मानाने त्यात फार थोडे पाणी जाते, आणि संस्थेचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प नीट चालत असेल तर तेथील पाणी वापरता येते. कामाच्या वेळाही बदलाव्यात. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करून अकरापर्यंत आणि पुन्हा चारनंतर असे दोन तुकडे केले तर माणसेही टिकतात आणि मालही. दुपारच्या झोपेच्या वेळी ठोकाठोक नसल्याने रहिवाशांचीही तक्रार राहत नाही, हा वरकड लाभ.

झाडांभोवतीच्या काँक्रीटचा विषय याहून गंभीर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, त्याला आता दशक उलटून गेले. आपल्याकडे मात्र ‘आवार स्वच्छ दिसावे’ म्हणून बुंध्याला भिडवून फरशी घालण्याची हौस अजून फिटलेली नाही. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, ती वर येऊन फरशी उचलतात, मग फरशी वाचवण्यासाठी मुळे तोडली जातात आणि आधार गेलेले झाड वळवाच्या पहिल्या वादळात गाडीवर पडते. नंतर दोष झाडाला. मुळे तोडण्याआधी संस्थांनी हेही ध्यानात घ्यावे की १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणे हे तोडण्यातच मोडते. एका झाडाभोवतीची फरशी काढून, मुळांना धक्का न लावता माती मोकळी करून, दगडाची सुटी कड बसवणे हे दोन माणसांचे एखाद्या दिवसाचे काम आहे, आणि ते कटरवाल्याने नव्हे तर माळ्याने करावयाचे आहे, कारण कुठले मूळ कुठे गेले आहे हे त्याला कळते.

शोषखड्ड्याचेही तसेच. १०० चौरस मीटर पक्क्या आवारावर १ सेंटिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते, आणि पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी आज गटारात जाते आणि एप्रिलमध्ये आपण टँकर मागवतो. आवाराच्या उतारावरील सखल जागी मीटरभर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा खणून त्यात खाली डबर, मध्ये खडी आणि वर जाड वाळू भरली तर बरेचसे पाणी जिरते. जिथे दोन फुटांवर कातळ लागतो तिथे मात्र तो खड्डा नुसते डबके ठरतो, म्हणून आधी खणून, घागरभर पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहावे. ही परीक्षा कोरड्या महिन्यांतच करता येते. पावसात सगळेच खड्डे भरलेले दिसतात.

बागवाल्याला गवंडीकाम कुठले जमते, असेही ऐकावयास मिळते. हा संशय सर्वस्वी निराधार नाही. हंगाम मंद असला की आमच्यातील काही जण आवाक्याबाहेरची कामेही हो म्हणून घेतात. कमरेपेक्षा उंच, मागे माती अडवणारी भिंत, पाण्याची टाकी किंवा गच्चीवरील भार वाढवणारे काहीही अभियंत्याच्या नकाशाविना करू नये, आणि ठेकेदाराने ते स्पष्ट नाकारावे. परंतु फरशी, कड, ओटा, ढाळ ही कामे आमच्या चांगल्या माळ्यांना येतात, आणि एखादा गवंडी जोडीला दिला तर पुढच्या वर्षी ते स्वतः दोरी लावून ओळ धरू लागतात. कामगारांच्या बाजूनेही याचा फायदा आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो, आणि मंडळाच्या कामांच्या यादीत सार्वजनिक उद्याने व पदपथ यांचे बांधकामही आहे. नुसता माळी म्हणून हजेरी लागणारा माणूस या लाभांपासून दूर राहतो. बागेतील अशा कामांचे दिवस कोणत्या अटींवर धरले जातील, हे कामगार विभागाने स्पष्ट केल्यास अनेकांची सोय होईल.

राहिला प्रश्न मंजुरीचा आणि पैशांचा. संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, आणि तिथे मंजूर झालेले बागेचे काम पुढे ‘पाऊस जवळ आला की पाहू’ म्हणून वर्षभर पडून राहते. उपविधींनुसार लहान दुरुस्त्यांचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत व्यवस्थापन समितीला आपल्या अधिकारात करता येतो, तेव्हा दर वेळी सभेची वाट पाहण्याचे कारण नाही. फेब्रुवारीत समितीच्या दोघांनी माळ्याला बरोबर घेऊन आवारात एक फेरी मारावी, खचलेल्या जागा, पाणी साचल्याचे डाग आणि फरशीत अडकलेले बुंधे यांवर खडूने खुणा कराव्यात आणि कामे एकदम न देता महिन्यागणिक वाटून द्यावीत. मालासाठी काही रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली काम मोजून आठवडाभरात चुकती करावी. उन्हाळ्यात ठेकेदाराच्या हाती खेळते भांडवल नसते, मजुराला उचल रोख द्यावी लागते, आणि दोन महिने अडकलेल्या बिलापायीच पुष्कळ ठेकेदार ही छोटी कामे अंगावर घेत नाहीत. महापालिकेच्या उद्यान विभागानेही छोट्या दुरुस्त्यांच्या निविदा मार्चअखेरच्या घाईत न उरकता डिसेंबर-जानेवारीत काढल्या, तर ती कामे पावसाच्या आत पुरी होऊ शकतील.

आपला विश्वासू,
एक बागकाम ठेकेदार, पुणे