लाज नसते की उलटवली जाते?

महोदय,

गुन्ह्याच्या बातमीत ‘आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता’ हे वाक्य हमखास असते. सायकोपॅथिक, म्हणजे इतरांच्या भावनांची पर्वा नसलेल्या, बेदरकार स्वभावाच्या माणसाला लाज नसते, असा निष्कर्ष मग वाचकही काढतो. मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनीही १९४१ मध्ये हे लक्षण नोंदवले होते.

मला हे अर्धेच चित्र वाटते. मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड नाथन्सन यांनी १९९२ मध्ये लाजेला तोंड देण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या: मिटून जाणे, स्वतःला कोसणे, टाळणे आणि दुसऱ्यावर उलटणे. सायकोपॅथिक छटा असलेल्यांची धाव बहुधा शेवटच्या दोहोंकडे. चूक दाखवा, ते हसण्यावारी नेतील, फुशारकी मारतील, नाहीतर ‘तूच मला हे करायला लावलंस’ म्हणतील. चोराच्या उलट्या बोंबाच त्या! शरम जाणवण्याआधीच तिचा राग झालेला असतो.

(उठसूट कोणालाही ‘सायकोपॅथ’ ठरवू नये, हेही खरे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची हा स्वभाव तपासण्याची २० निकषांची मोजपट्टी प्रशिक्षित तज्ज्ञांसाठी आहे.)

अशा माणसाला चारचौघांत लाजवा, सुधारेल, हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. त्याचा राग नंतर घरातल्यांना सोसावा लागतो.

– एक वाचक