जागा देताय तर मातीचा रिपोर्टही द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
(प्रत माहितीसाठी : मा. पर्यावरण मंत्री)

साहेब, नमस्कार.

मी पुण्यात नाटकांचं नेपथ्य करते. म्हणजे फ्लॅट (स्टेजवरच्या खोट्या भिंती), लेव्हल (स्टेजवर ठेवायचे चौथरे), दारं-खिडक्या बनवायच्या आणि प्रयोग संपला की हे सगळं कुठे ठेवायचं म्हणून लोकांच्या पाया पडत फिरायचं. त्यामुळे कलाकारांना कुठेतरी मोठी शेड मिळणार अशी नुसती कुणकुण लागली तरी उड्या मारणाऱ्यांत मी पहिली असते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल या बाईला जागाच नकोय.

जागा हवीय. पुण्यात थिएटरं नाहीत असं नाही, बालगंधर्व 1968 पासून उभं आहे (ते पाडून नवीन बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं हा वादही आता चांगलाच मुरलाय), भरत नाट्य आहे, सुदर्शन आहे. पण ही झाली प्रयोगाची ठिकाणं. तालमीला, सेट रंगवायला, वेल्डिंग करायला, मोठं शिल्प उभं करायला जागा कुठाय? ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या आधी कॉलेजची पोरं पार्किंगमध्ये आणि कोणाच्या तरी गच्चीवर तालमी करतात, खालचे काका ओरडायला लागले की दुसरी गच्ची.

तर शहराच्या पूर्वेला, रेल्वे लाईनच्या पलीकडे, एक बंद पडलेलं वर्कशॉप आहे. मालक कर्जात बुडून कधीच निघून गेला, जमीन फिरत फिरत सरकारजमा झाली आणि आता ती आमच्यासारख्या नाटकवाल्या, चित्रकार, नाचाच्या क्लासवाल्या लोकांना मिळून कला केंद्र म्हणून वापरायला द्यायची असं घाटतंय. आम्ही खूश. मग एका ऑफिसातून ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला (कुठल्या ते लिहीत नाही, उगाच कोणाची मान अडकायला नको). त्यात मुदत अकरा महिने, आणि एक कलम असं की संस्थेने जागा जशी आहे तशी ताब्यात घ्यावी आणि जागेच्या स्थितीमुळे पुढे काही उद्भवलं तर जबाबदारी संस्थेची.

आता जागा कशी आहे ते सांगते. तिथे निकल-क्रोमचं प्लेटिंग चालायचं. नळ, हँडल, मोटरसायकलचे पार्ट चकचकीत करायचे. भंगारवाल्यांनी टाक्या, रेक्टिफायर, वायरी सगळं उचलून नेलं पण टाक्यांचे चौथरे राहिलेत. प्लास्टर गळून आतली वीट भुसभुशीत झालीय, बोट लावलं तर चुरा पडतो, आणि चौथऱ्याच्या बुडाशी हातभर रुंदीचा पट्टा पिवळा-हिरवट आहे. पाऊस पडून गेला की मागच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि ते गढूळ नसतं साहेब, स्वच्छ नितळ असतं, फक्त लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. तिथले वॉचमन काका म्हणाले, "मॅडम, इथं काँग्रेस गवतपण येत नाही." पुण्यात ज्या जमिनीवर काँग्रेस गवत उगवत नाही त्या जमिनीबद्दल वेगळं काय सांगायचं.

तो पिवळा रंग क्रोमचाच असं मी शपथेवर सांगणार नाही, त्यासाठी लॅब असते. पण क्रोम प्लेटिंगच्या जागी शंका यायची ती सहावाल्या क्रोमियमची. क्रोमियमचे दोन अवतार नेहमी भेटतात, तीनवाला आणि सहावाला, त्यातला तीनवाला तसा गरीब आणि मातीला धरून बसणारा, सहावाला मात्र पाण्यात पटकन विरघळून लांब जातो, कातडीवर जखमा करतो आणि त्याची धूळ कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे पक्कं माहिती आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर नको असं आपलंच भारतीय मानक सांगतं. आणि नुसत्या डोळ्यांना पाणी पिवळं दिसायला लागतं तोवर तो आकडा कितीतरी मागे पडलेला असतो. शिवाय प्लेटिंग म्हटलं की निकल, ॲसिड असतंच, सायनाइडही बरेचदा असतं. वर सिमेंटचे जुने पत्रे, त्यात ॲस्बेस्टॉस. ते नुसते डोक्यावर असले तर एक वेळ ठीक, पण आम्ही काय करणार, पहिल्याच आठवड्यात दिवे आणि पडदे टांगायला त्याला ड्रिलने भोकं पाडणार.

आणि खाली कोण असणार ते बघा. कथकचा क्लास असणार. अनवाणी पोरी तत्कार करणार, उखडलेल्या कोब्यावर शंभर घुंगरांचे पाय एकदम आपटल्यावर जी धूळ उडते ती मी बघितलेली आहे. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकं सरावाला जागा शोधत हिंडत असतात, मागच्या मोकळ्या मैदानावर पहिली नजर त्यांची पडणार, आणि शंभर-दीडशे जण त्या मातीत संध्याकाळभर. बालनाट्य शिबिराची पोरं तर मातीतच लोळतात. फॅक्टरीतल्या कामगाराला निदान गमबूट आणि हातमोजे कागदावर तरी असायचे, आमच्याकडे अनवाणी येणं हाच शिष्टाचार आहे, रंगभूमीला नमस्कार करून पाया पडून आत जायचं.

हे फक्त आमच्यापुरतं पण नाहीये. कंपाउंडला लागून वस्ती आहे, उन्हाळ्यात टँकर आला नाही की बोअरचं पाणी वापरतात. आपल्या पुण्याखाली काळा पत्थर, त्यात पाणी भेगाभेगांतून पळतं, त्यामुळे चौथऱ्याखाली मुरलेलं कुठल्या बोअरला निघेल हे वरून बघून कोणी सांगू शकत नाही. आम्ही आलो काय नि न आलो काय, ते पाणी आजही तिथे आहेच.

आता तुमचे अधिकारी म्हणतील की मग घेऊ नका जागा, कुलूप लावून ठेवू. तर नाही साहेब. कुलूप लावलेल्या जागेच्या भिंतीला भोक असतं आणि त्या भोकातून क्रिकेटचा बॉल आणायला पोरं जातात. बंद जागेची तपासणी कोणी करत नाही, कारण तिची कोणाला गरज नसते. आम्हाला गरज आहे, म्हणून हा विषय निघाला. कलाकार लोकांचा एवढा तरी उपयोग मान्य करा.

आणि असं बाहेर झालेलं आहे. ॲमस्टरडॅमच्या उत्तर भागात जहाजं बांधायचं एक जुनं यार्ड होतं, जमीन पार नासलेली. तिथल्या महापालिकेनं ती 2012 च्या सुमारास आर्किटेक्ट आणि कलाकारांच्या एका गटाला दहा वर्षांच्या करारावर दिली. या लोकांनी तिथे पाया खणायच्या भानगडीतच न पडता जुन्या हाउसबोटी उचलून जमिनीवर आणून ठेवल्या, त्यात स्टुडिओ काढले, मधून लाकडी पूल टाकले म्हणजे मातीला पाय लागणार नाही, आणि खालच्या जमिनीत धातू-विषारी माल शोषून घेणारी झाडं लावली. 2014 ला सुरू पण केलं. दहा वर्षांत माती पूर्ण शुद्ध होते असं कोणी समजू नये, झाडांचं काम फार सावकाश चालतं. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे माती खराब आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहिती होतं आणि अख्खं डिझाइन त्या माहितीवर उभं राहिलं. नेपथ्य असंच करतात हो. स्टेजला खड्डा आहे हे आधी सांगितलं तर त्यावर लेव्हल टाकता येते, न सांगता नट पडला तर प्रयोग बंद.

उलटं उदाहरण पण आहे. अमेरिकेत सिएटलला कोळशापासून गॅस करायच्या जुन्या कारखान्याची बाग केली, 1975 ला उघडली, जगभर कौतुक झालं, आणि 1984 मध्ये मातीतल्या प्रदूषणाच्या भीतीने तीच बाग काही काळ बंद ठेवायला लागली.

आपल्याकडे उपाय नाहीत अशातला भाग नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत योग्य प्रमाणात मिसळून सहावाल्या क्रोमियमचा तीनवाला करता येतो, ही जुनी केमिस्ट्री आहे. फारच वाईट असलेली माती उचलून रांजणगावला घातक कचऱ्याची सोय आहे तिकडे नेता येते. बाकीच्यावर जाड काँक्रीट आणि वर उचललेली लाकडी जमीन, नाचणाऱ्यांना तशीही लाकडीच हवी असते. मागच्या बाजूला मोहरी, सूर्यफूल, वाळा लावता येईल, फक्त ती मोहरी कापून कोणी गाईला घातली तर सगळंच मुसळ केरात, कारण झाडाने ओढलेला धातू झाडातच राहतो आणि मग ते झाडच घातक कचरा. हे सगळं तज्ज्ञांनी ठरवायचं, मी ठरवणारी कोण. पण ठरवायच्या आधी मोजायला तर पाहिजे.

आणि मोजायचा कायदा आलाय. केंद्र सरकारनं जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने, स्वतःहून किंवा लोकांच्या तक्रारीवरून, अशी संशयित ठिकाणं प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची, मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज वाटली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर, मग ज्यानं घाण केली त्याला शोधून खर्च त्याच्याकडून, आणि तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपतच नसली तर केंद्र आणि राज्य मिळून. नियम आले तेव्हा देशभरात अशी 103 ठिकाणं यादीत होती आणि सफाईचं काम फक्त 7 ठिकाणी सुरू होतं असं पेपरात आलं होतं. (कचरा डेपो या नियमांत धरलेले नाहीत, त्यामुळे पुण्याचा कचरा डेपो सोसणाऱ्या उरुळी देवाची-फुरसुंगीकरांनी लगेच आशा लावू नये, त्यांचं दुखणं निराळ्या कायद्यात अडकलंय.) म्हणजे आमच्या ड्राफ्टमधलं ते कलम बघा आता, सरकारनं स्वतःच्या नियमात जी जबाबदारी स्वतःवर घेतलीय ती अकरा महिन्यांच्या कागदावर एका नाट्यसंस्थेच्या गळ्यात. आमच्या संस्थेच्या बँक खात्यात पुढच्या प्रयोगाच्या टेम्पोचं भाडं आहे की नाही ते बघून आम्ही तारीख घेतो.

आणि हे अकरा महिन्यांचं प्रकरण. नुसती तपासणीच नियमाप्रमाणे सहा महिने खाणार. मग सफाई, मग जमीन, मग पत्रे बदलणं, आणि आम्ही पहिला पडदा टांगेपर्यंत रिन्यूअलसाठी परत तुमच्या दारात. दरम्यान जागा स्वच्छ झालेली, रस्त्यावर म्युरल रंगवलेली, शनिवार-रविवार लोक यायला लागलेले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येणार की अरे, हा प्लॉट तर एकदम भारी आहे. स्टेशनजवळची राजाबहादूर मिल बघा, एकेकाळची कापड गिरणी, आज तिथे पब आणि रेस्टॉरंटं. तिथे कलाकारांना काढलं असं मी म्हणत नाही, तिथे आम्ही नव्हतोच कधी. जुन्या शेडला पुण्यात शेवटी काय भाव येतो एवढंच सांगायचंय. दहा वर्षांचा करार द्या, आणि दहा वर्षं मोजायची ती माती साफ झाल्याचा कागद हातात आल्यापासून.

वस्तीतल्या लोकांशी पण आम्ही बोललो. आम्हाला वाटलं होतं ते म्हणतील वा, नाटक येणार. त्यांनी पहिली मागणी केली अभ्यासिकेची, कारण एमपीएससी करणारी पोरं दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीसमोर बसून अभ्यास करतात. दुसरी भजनी मंडळासाठी एक खोली. नाटक कितव्या नंबरला होतं ते विचारू नका. पण ते आम्हाला मान्य आहे, अभ्यासिका होणारच, तालमीचा आवाज जाऊ नये म्हणून मधली भिंत जाड करू.

आम्ही पण काही धुतल्या तांदळाचे नाही. थिनर, ऑइल पेंट, फायबरचं रेझिन आम्ही वापरतो आणि ब्रश धुतलेलं पाणी आजवर कुठे ओतलंय ते आमचं आम्हाला माहिती. नवीन जागेत त्याचीही अट घाला, आम्ही पाळू.

तर एवढं करा. जिल्हा प्रशासनाला सांगून ही जागा संशयित दूषित स्थळ म्हणून मंडळाकडे कळवा. मातीचे नमुने वरवरचे न घेता चौथऱ्याखालून, वेगवेगळ्या खोलीचे घ्यायला लावा, आणि वस्तीतल्या बोअरचे पण. रिपोर्ट आला की मराठीत, मोठ्या अक्षरात गेटवर लावा, पीडीएफ कुठल्या वेबसाइटच्या पोटात टाकू नका. ते जबाबदारीचं कलम काढा. आणि तोपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू नका, नारळ नंतर फोडू, नारळ कुठे पळून जात नाही.

नमुने घ्यायला माणसं येतील त्या दिवशी फक्त आदल्या दिवशी एक फोन करायला सांगा. आम्ही गेट उघडून थांबू, चौथरे कुठे होते ते दाखवू, चहा आमच्याकडून. पाणी मात्र येताना बाटलीतलं आणू द्या.

आपली,
एक नेपथ्यकार, पुणे